पंचाचें बोट आणि फलंदाजाचें मन

क्रिकेटच्या खेळांत एक नियम असा आहे कीं, तो प्रथम ऐकणाऱ्यास चमत्कारिक वाटावा. फलंदाज बाद झालेला आहे हें पंचाला लख्ख दिसत असलें, तरी क्षेत्ररक्षकांपैकीं कोणी विचारल्याखेरीज त्यानें त्याला बाद ठरवावयाचें नसतें. सन १७४४ मध्यें लंडन येथें जी नियमावली लिहून काढण्यांत आली तींतच ही अट आहे आणि आजतागायत ती टिकून आहे. फिर्याद दाखल झाल्याशिवाय न्यायाधीशानें तोंड उघडावयाचें नाहीं, तसाच हा प्रकार. परंतु आजच्या नियमावलींत त्याच कलमाला पुढें एक पुस्ती जोडलेली आहे. नियमाप्रमाणें बाद झालेला फलंदाज कोणी विचारण्याची वाट न पाहतां निघून जाऊं लागला, तर त्याला या कलमाची आडकाठी नाहीं, असा तिचा आशय आहे. नियमानें एकीकडे पंचाचें तोंड बांधलें आणि दुसरीकडे फलंदाजाचे पाय मोकळे ठेवले. फलंदाजांच्या सचोटीचा सगळा इतिहास या दोन वाक्यांच्या मधल्या जागेंत घडला आहे.

त्रिफळा उडाला तर कोणाला कांहीं विचारण्याचें कारण नसतें; प्रेक्षकांतील शाळकरी पोरालाही तें दिसतें. खरा प्रश्न उभा राहतो तो यष्टींमागें घेतलेल्या झेलाच्या वेळीं. वेगानें आलेला चेंडू बॅटीच्या कडेला केसभर चाटून जातो. पंच उभा असतो बावीस यार्डांवर. त्याच क्षणीं बॅट पॅडवर किंवा जमिनीवर घासली गेली असेल, तर दोन आवाज एकांत एक मिसळून जातात. यष्टिरक्षकाला वाटतें, गोलंदाजालाही वाटतें. पण वाटणें निराळें आणि कळणें निराळें. कळतें तें एकट्या फलंदाजाला, कारण तो सूक्ष्म धक्का बॅटीच्या दांड्यांतून त्याच्या तळव्यापर्यंत पोहोंचलेला असतो. (त्यालाही दर वेळीं कळतेंच असें नाहीं, त्याचा एक मासला शेवटीं येईल.) आरोपी हाच एकमेव साक्षीदार, आणि त्याला साक्षीस बोलावण्याची मात्र सोय नाहीं, अशी ही विलक्षण स्थिति आहे.

पूर्वीचे खेळाडू सगळे सत्यवचनी होते आणि बिघाड काय तो अलीकडेच झाला, अशी एक लाडकी समजूत वडीलधाऱ्या मंडळींत आढळते. इतिहास तिला फारसा आधार देत नाहीं. ज्या एकोणिसाव्या शतकांत ‘हें क्रिकेट नव्हे’ हा वाक्प्रचार अन्यायाच्या निषेधासाठीं इंग्रजी भाषेंत रूढ झाला, त्याच शतकांत डॉ. डब्ल्यू. जी. ग्रेस हा दाढीवाला महापुरुष इंग्लंडच्या मैदानांवर राज्य करीत होता. तो नांवाला हौशी खेळाडू, परंतु खेळापासून त्याला झालेली प्राप्ति पाहून व्यावसायिक खेळाडूंनींही तोंडांत बोट घालावें. पंचानें बाद ठरविलें असतांही तो जागेवरून हलला नाहीं, उडालेली बेल वाऱ्यानें पडली असें सांगून त्यानें ती परत बसविली, अशा आख्यायिका त्याच्याविषयीं पिढ्यानुपिढ्या सांगितल्या जातात. त्यांतील खऱ्या किती आणि रचलेल्या किती हें बाजूस ठेवलें, तरी एक प्रसंग पूर्णपणें ऐतिहासिक आहे, आणि तो लहानसहान नाहीं.

सन १८८२, ऑगस्टची अखेर, लंडनचें ओव्हल मैदान. ऑस्ट्रेलियाचा दुसरा डाव चालू होता. सॅमी जोन्स नांवाच्या तरुण फलंदाजानें एक धांव पूर्ण केली, बॅट रेषेच्या आंत टेकली, आणि खेळपट्टीवरचा एक उंचवटा दाबून सारखा करण्यासाठीं तो निर्धास्तपणें पुढें आला. चेंडू ग्रेसच्या हातीं होता. त्यानें शांतपणें यष्टी मोडल्या आणि पंचाला विचारलें. चेंडू ‘मृत’ झालेला नव्हता. नियमाप्रमाणें जोन्स धांवचीत होता, आणि पंचानें तसा निर्णय दिला. ऑस्ट्रेलियन खेळाडूंचा संताप अनावर झाला. त्यांचा गोलंदाज स्पॉफर्थ यानें त्या रागांतच चेंडू हातीं घेतला असें म्हणतात. इंग्लंडला जिंकण्यासाठीं अवघ्या ८५ धांवा हव्या होत्या. स्पॉफर्थनें ४४ धांवांत ७ गडी बाद केले, सबंध सामन्यांत मिळून १४, आणि इंग्लंडचा डाव ७७ धांवांवर संपला. ग्रेसनें स्वतः ३२ धांवा केल्या. त्या त्याच्या बाजूच्या सर्वाधिक होत्या. पण सात धांवांनीं सामना गेला. इंग्लिश क्रिकेटच्या मृत्यूची ती सुप्रसिद्ध थट्टेची वार्ता ‘स्पोर्टिंग टाइम्स’ या पत्रांत छापली गेली ती याच सामन्यानंतर, आणि आजही दोन देश ज्या ‘रक्षे’साठीं झुंजतात तिचा उगमही तोच.

येथें थोडें आडवाटेला जाण्यास हरकत नाहीं. १४१ वर्षांनीं, जुलै २०२३ मध्यें, लॉर्ड्सच्या मैदानांत इंग्लंडचा जॉनी बेअरस्टो असाच एक चेंडू सोडून, षटक संपलें अशा समजुतीनें रेषेबाहेर आला, आणि ऑस्ट्रेलियाचा यष्टिरक्षक अ‍ॅलेक्स कॅरी यानें चेंडू फेंकून यष्टी पाडल्या. आतां अंगाचा तिळपापड इंग्लिश लोकांचा झाला. दुपारच्या उपाहारासाठीं ऑस्ट्रेलियन खेळाडू दिवाणखान्यांतून जात असतांना क्लबाच्या सभासदांपैकीं कांहींनीं त्यांना अपशब्द ऐकविले. ग्रेसचा त्या सभासदांना त्या क्षणापुरता तरी विसर पडला असावा.

ग्रेसच्या काळांत इंग्लंडमधील खेळाडूंच्या दोन जाति होत्या म्हटलें तरी चालेल. ‘जंटलमेन’ म्हणजे हौशी, ‘प्लेअर्स’ म्हणजे पगारी. १८०६ पासून या दोहोंमध्यें सामने होत आणि १९६२ सालीं हा भेद अधिकृतपणें मिटेपर्यंत ते चालू होते. दोघांच्या कपडे बदलण्याच्या खोल्या वेगळ्या. छापील धांवपत्रिकेंत नांवें लिहिण्याची रीतिही वेगळी. हौशाचीं आद्याक्षरें आडनांवाआधीं आणि पगाऱ्याचीं मागाहून. खिलाडू वृत्तीचीं प्रवचनें झोडण्याचा अधिकार पहिल्या वर्गाकडे असे. परंतु ज्याच्या घरीं धान्याचीं कोठारें भरलेलीं आहेत त्याला एक डाव सोडून देणें फारसें जड नसतें. ज्याचा पुढल्या हंगामाचा करार यंदाच्या धांवांवर अवलंबून आहे त्यानें तोच डाव आपण होऊन सोडला, तर त्या त्यागाची किंमत निराळी. हा हिशेब त्या काळच्या उपदेशकांनीं क्वचितच मांडला.

मुंबईच्या मैदानांवर हा खेळ आला तो या उपदेशासकट. १८४८ सालीं पारशी तरुणांनीं पहिला क्लब काढला. पुढें हिंदूंनीं आणि मुसलमानांनीं आपापले क्लब स्थापिले. १८९० ते १८९५ पर्यंत मुंबईचे गव्हर्नर असलेले लॉर्ड हॅरिस हे तर इंग्लंडचे माजी कर्णधारच. शाळांच्या ज्या ढालीला त्यांचें नांव आहे, तिच्यासाठीं खेळलेल्या कित्येक पिढ्यांनीं पंचाशीं वाद घालूं नये हा धडा पाठ केला. परंतु मैदानाचा स्वतःचा असा एक धडा आहे, आणि तो कोणत्याही गव्हर्नरानें शिकविलेला नाहीं. मुलांच्या साध्या सामन्यांत पंच म्हणून उभा राहतो तो बहुधा फलंदाजी करणाऱ्या बाजूचाच एखादा गडी. समोर आपलाच मित्र, मागें आपलीच बाजू. अशा वेळीं ‘लागला रे, मी बाद आहे’ असें म्हणून जो पोरगा बॅट टाकतो, तो त्या बिचाऱ्या पंचाचीही सुटका करीत असतो.

आतां ज्या प्रसंगावर सर्वांत अधिक शाई खर्च झाली तो पाहूं. महायुद्ध संपून क्रिकेट पुन्हां सुरू झालें होतें. २९ नोव्हेंबर १९४६ रोजीं ब्रिस्बेन येथें ऑस्ट्रेलिया व इंग्लंड यांचा पहिला कसोटी सामना चालू झाला. डॉन ब्रॅडमन अडतीस वर्षांचा झालेला, युद्धकाळांत प्रकृति ढांसळलेली. तो पुढें खेळणार कीं नाहीं याचीच चर्चा होती. डावाच्या आरंभीं त्याची बॅट चांचपडत होती. धांवा २८ झाल्या असतां व्होसचा एक चेंडू त्याच्या बॅटीवरून उडून दुसऱ्या स्लिपमधील आयकिनच्या हातांत गेला. इंग्लंडच्या खेळाडूंना हा झेल इतका उघड वाटला कीं, ब्रॅडमन निघतो म्हणून ते वाट पाहत राहिले. ब्रॅडमन निघाला नाहीं. मग त्यांनीं पंचाला विचारलें. पंचाचा निर्णय ‘नाबाद’ असा झाला. ब्रॅडमनचें म्हणणें असें कीं, चेंडू बॅटीला लागून आधीं जमिनीवर आपटला आणि मग उडाला. इंग्लंडचा कर्णधार हॅमंड त्याच्याजवळून जातांना मालिकेच्या या आरंभाविषयीं एक कडवट वाक्य बोलला, तें पुढें सर्वतोमुखीं झालें.

ब्रॅडमननें १८७ धांवा केल्या. ऑस्ट्रेलियाची संख्या ६४५ वर गेली. इंग्लंडला वादळी पावसानें भिजलेल्या खेळपट्टीवर खेळावें लागलें आणि एक डाव व ३३२ धांवांनीं पराभव पत्करावा लागला. त्या मालिकेंत ब्रॅडमननें एकंदर ६८० धांवा काढल्या. तो २८ वरच परतला असता तर कदाचित् त्याचें पुनरागमन तेथेंच संपलें असतें, असें पुष्कळांनीं लिहिलें आहे. ब्रॅडमन खोटें बोलला असें ठरविण्याचा अधिकार कोणालाच नाहीं; खेळपट्टीवर उभा असलेला माणूस चेंडूकडे खालून पाहत असतो आणि स्लिपमधला समोरून. शंका असेल तेथें पंचाला विचारावें हीच पद्धति. परंतु या प्रसंगानें एक गोष्ट उघडी झाली. इंग्लिश खेळाडूंची अपेक्षा ‘फलंदाजानें सांगावें’ अशी होती, आणि ऑस्ट्रेलियन खेळाडूंची श्रद्धा ‘पंचानें सांगावें’ या तत्त्वावर होती. दोघेही आपापल्या परीनें नीतीचीच भाषा बोलत होते.

त्यानंतर वर्षभरांतच आपला संघ ऑस्ट्रेलियांत गेला, आणि सचोटीचा प्रश्न दुसऱ्याच टोंकानें उभा राहिला. येथें कसोटी लागली ती समोरच्या, म्हणजे चेंडू न खेळणाऱ्या फलंदाजाची. गोलंदाजाच्या हातून चेंडू सुटण्यापूर्वींच रेषा सोडून दोन पावलें पुढें सरकावयाचें, म्हणजे धांव तेवढी आंखूड होते. ही चोरी लहान खरी, पण चोरीच. बिल ब्राउन हा सज्जन म्हणून नांवाजलेला फलंदाज. त्याला ही संवय होती. नोव्हेंबर १९४७ मध्यें सिडनीच्या एका सामन्यांत विनू मंकडनें त्याला आधीं एकदां ताकीद दिली, तरी तो पुढें सरकला, तेव्हां मंकडनें बेल उडवून त्याला धांवचीत केलें. पुढें १३ डिसेंबर रोजीं त्याच मैदानांत कसोटी सामना चालू असतां ब्राउन पुन्हां रेषेबाहेर गेला, आणि मंकडनें पुन्हां तेंच केलें. ब्राउनच्या धांवा त्या वेळीं १८ होत्या.

ऑस्ट्रेलियन वृत्तपत्रांतून मंकडवर टीकेची झोड उठली. त्याच्या बाजूनें उभा राहिला तो प्रतिपक्षाचा कर्णधार, ब्रॅडमन. १९५० मध्यें प्रसिद्ध झालेल्या आत्मवृत्तांतही त्यानें स्पष्टपणें लिहिलें आहे कीं, नियम असा आहे तो फलंदाजाला जागेवर ठेवण्यासाठींच आहे, आणि मंकडच्या खिलाडूपणाविषयीं शंका घेण्याचें कारण दिसत नाहीं. असें असूनही जगानें त्या कृतीला नांव दिलें तें मंकडचें. ज्यानें रेषा ओलांडली त्याचें नाहीं. सुनील गावसकर यांनीं अनेकदां सुचविलें आहे कीं, नांवच द्यावयाचें तर ब्राउनचें द्यावें. ही सूचना विनोदी वाटली तरी तींत न्याय आहे. १९८७ च्या विश्वचषकांत लाहोर येथें अखेरच्या चेंडूवर पाकिस्तानचा सलीम जाफर असाच पुढें गेला असतां वेस्ट इंडीजच्या कोर्टनी वॉल्शनें त्याला बाद न करतां नुसती ताकीद देऊन परत पाठविलें, सामना गमावला, आणि त्याच्या संघाला उपान्त्य फेरीही गांठतां आली नाहीं. वॉल्शची कीर्ति झाली ती योग्यच झाली. मात्र वॉल्शच्या औदार्यासाठीं मंकडला दोषी ठरविण्याची आवश्यकता नव्हती. १ ऑक्टोबर २०२२ पासून मेरिलबोन क्रिकेट क्लबनें ही तरतूद ‘अनुचित खेळ’ या कलमांतून काढून साध्या ‘धांवचीत’ च्या कलमांत घातली. त्याच्या आठवडाभर आधीं लॉर्ड्सवर भारताच्या दीप्ति शर्मानें इंग्लंडच्या चार्ली डीनला याच रीतीनें बाद करून सामना संपविला होता, आणि पंचाहत्तर वर्षांपूर्वींचीच वाक्यें पुन्हां छापलीं गेलीं होतीं.

युद्धोत्तर काळांत इंग्लंडच्या परगण्यांच्या क्रिकेटमध्यें, हौशांत आणि पगाऱ्यांतही, बाद झाल्याचें कळतांच स्वतः चालूं लागण्याची चाल चांगलीच पसरली. जो चालत नसे त्याच्याकडे सहकारीही तिरप्या नजरेनें पाहत. परंतु या चालींतही एक कीड शिरली. पांच वेळां आपण होऊन निघून जाणाऱ्या फलंदाजाच्या शब्दाला पंचाजवळ वजन येतें. मग सहाव्या वेळीं, जेव्हां सामना अटीतटीचा असतो, तेव्हां तो जागेवर उभा राहिला कीं पंच मनाशीं म्हणतो, ‘लागला असता तर हा गेलाच असता.’ म्हणजे पांच वेळां साठविलेली पुण्याई सहाव्या वेळीं मोडून खाण्याची युक्ति! असे आरोप मोठमोठ्या नांवांवर झाले. सरसकट न चालणाऱ्या ऑस्ट्रेलियनांनीं यावरून इंग्लिशांना दांभिक म्हटलें, तें अगदींच निराधार नव्हतें. नेहमीं चालणारा आणि कधींच न चालणारा या दोघांनाही प्रामाणिक म्हणतां येईल; सोयीप्रमाणें चालणाऱ्याला तें नांव देतां येत नाहीं.

१९८० सालचा फेब्रुवारी महिना मुंबईच्या जुन्या क्रिकेटप्रेमी घराण्यांत विसरला गेलेला नाहीं. नियामक मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त वानखेडे मैदानांत इंग्लंडशीं एकच कसोटी सामना ठरला होता. दुसरा दिवस खग्रास सूर्यग्रहणाचा, म्हणून विश्रांतीचा दिवस त्याला जोडून घेतलेला. भारताच्या २४२ धांवांना उत्तर देतांना इंग्लंडचे पांच गडी ५८ धांवांत परतले होते. यष्टिरक्षक बॉब टेलर फलंदाजीस आलेला होता. कपिल देवच्या एका चेंडूवर यष्टींमागें झेल घेतला गेला, अपील झालें, आणि पंच हनुमंतराव यांनीं बोट वर केलें. टेलर घोटाळला. चेंडू बॅटीला लागलेला नाहीं असें त्याची मुद्रा सांगत होती, पण पंचापुढें इलाज नव्हता.

गुंडप्पा विश्वनाथ हे त्या दिवशीं भारताचे कर्णधार होते आणि पहिल्या स्लिपमध्यें उभे होते. बॅट आणि चेंडू यांमधील फट त्यांना दिसली होती. ते पुढें झाले आणि त्यांनीं अपील मागें घेऊन टेलरला परत बोलाविलें. सामन्याचें पारडें कोणाकडे झुकलेलें आहे आणि समोर इयान बॉथम उभा आहे, हें कर्णधाराला ठाऊक नव्हतें असें थोडेंच! टेलरनें ४३ धांवा केल्या, बॉथमनें ११४. दोघांनीं मिळून १७१ धांवांची भागी रचली. मग बॉथमनें दुसऱ्या डावांत ७ गडी बाद केले (सबंध सामन्यांत १३), टेलरनें सामन्यांत यष्टींमागें १० झेल घेण्याचा त्या वेळचा जागतिक उच्चांक केला, आणि इंग्लंडनें दहा गडी राखून विजय मिळविला. विश्वनाथ यांना पुन्हां कर्णधारपद लाभलें नाहीं. त्या दिवशींच्या निर्णयाबद्दल पश्चात्ताप झाल्याचें मात्र त्यांच्या तोंडून कधीं ऐकूं आलें नाहीं.

या प्रसंगाच्या शेजारीं आणखी एक ठेवला पाहिजे, कारण तो त्यानंतर वर्षभरांतलाच आहे आणि त्यांतला नायकही आपला आहे. फेब्रुवारी १९८१, मेलबर्न. गावसकर आणि चेतन चौहान यांची सलामीची जोडी जमली होती. गावसकर ७० वर असतां डेनिस लिलीच्या चेंडूवर पंचानें त्यांना पायचीत दिलें. चेंडू आधीं बॅटीला लागला आहे, अशी त्यांची खात्री होती. लिलीच्या हावभावांनीं आणि शब्दांनीं संताप वाढला, आणि गावसकर यांनीं चौहानलाही बरोबर घेऊन मैदान सोडण्यास आरंभ केला. सीमारेषेपाशीं संघाचे व्यवस्थापक आडवे आले. त्यांनीं चौहानला परत पाठविलें. सामना चालू राहिला, आणि अखेरच्या दिवशीं कपिल देवनें २८ धांवांत ५ गडी बाद करून तो ५९ धांवांनीं जिंकून दिला. गावसकर यांनीं पुढें आपल्या त्या वर्तनाबद्दल स्वतःच खेद व्यक्त केला. येथें फलंदाज अप्रामाणिक नव्हता. आपण बाद नाहीं हें त्याचें म्हणणें मनापासूनचें होतें. अडचण एवढीच कीं, टेलरलाही तसेंच वाटत होतें आणि तरीही तो परतूं लागला होता.

नवीन शतक उगवलें तेव्हां चालूं लागण्याची चाल जवळजवळ नामशेष झाली होती. २००० सालीं नियमावलीला ‘खेळाचा आत्मा’ या विषयावरचा एक उपोद्घात जोडण्यांत आला. त्यामागें कॉलिन काउड्री आणि टेड डेक्स्टर या दोन माजी इंग्लिश कर्णधारांचा पुढाकार होता. फलंदाज बाद नाहीं हें ठाऊक असतां अपील करणें हें खेळाच्या आत्म्याविरुद्ध आहे, असें त्यांत लिहिलें गेलें. बाद आहों हें ठाऊक असतां उभें राहण्याविषयीं मात्र एक अक्षर नव्हतें! क्षेत्ररक्षकाचें बोलणें खोटें ठरूं शकतें, पण फलंदाजाचें मौन खोटें ठरत नाहीं, असा भेद नियमकर्त्यांनीं केला. तो पटण्याजोगा आहे कीं नाहीं, हें ज्यानें त्यानें ठरवावें.

अशा काळांत १८ मार्च २००३ रोजीं पोर्ट एलिझाबेथ येथें जें घडलें त्यानें लोक चकित झाले. विश्वचषकाचा उपान्त्य सामना, ऑस्ट्रेलियाविरुद्ध श्रीलंका. अ‍ॅडम गिलख्रिस्टनें अरविंद डिसिल्वाचा चेंडू झाडण्याचा प्रयत्न केला; चेंडू बॅटीच्या खालच्या कडेला लागून पॅडवरून उडाला आणि संगकारानें तो टिपला. पंच रुडी कर्ट्झन यांनीं नकारार्थी मान हलविली. गिलख्रिस्ट वळला आणि चालूं लागला. त्याच्या २२ धांवा झाल्या होत्या, हात बसला होता, आणि तो ज्या देशाचा त्या देशांत असें करण्याची रीत नव्हती. संघांतील सर्वांना तें रुचलें नाहीं; कारण एकानें चालून दाखविलें म्हणजे उरलेल्या दहांच्या उभें राहण्याकडे बोट दाखविलें जातें. ऑस्ट्रेलियानें तो सामना जिंकला आणि पांच दिवसांनीं अंतिम सामन्यांत भारतालाही हरविलें, म्हणून या सचोटीची किंमत मोजण्याची पाळी कोणावर आली नाहीं.

आठ वर्षांनीं, पुन्हां विश्वचषकांत, लागोपाठच्या दोन दिवशीं दोन्ही मतें जगापुढें मांडलीं गेलीं. १९ मार्च २०११ रोजीं कोलंबो येथें ऑस्ट्रेलियाचा कर्णधार रिकी पाँटिंग याचा झेल पाकिस्तानच्या यष्टिरक्षकानें घेतला. पंचानें नाबाद ठरविलें; पाँटिंग उभा राहिला; पाकिस्ताननें फेरविचार मागितला आणि यंत्रानें त्याला बाद ठरविलें. चेंडू लागला होता हें आपल्याला ठाऊक होतें, आपण नेहमीं पंचाच्या निर्णयाची वाट पाहतों, असें त्यानें नंतर उघडपणें सांगितलें. त्यांत लपवाछपवी नव्हती, हें त्याच्या बाजूनें म्हटलें पाहिजे. दुसऱ्या दिवशीं, २० मार्चला, चेन्नईस भारत व वेस्ट इंडीज यांचा सामना होता. सचिन तेंडुलकरच्या खात्यावर त्या वेळीं आंतरराष्ट्रीय सामन्यांतील ९९ शतकें जमा होतीं आणि शंभराव्याची वाट सारा देश पाहत होता. अवघ्या २ धांवा झाल्या असतां रवि रामपॉलचा चेंडू त्याच्या बॅटीला चाटून यष्टिरक्षकाच्या हातांत गेला. पंच स्टीव्ह डेव्हिस यांनीं बाद दिलें नाहीं. तेंडुलकरनें पंचाकडे पाहिलेंही नाहीं. बॅट काखेंत मारून तो तंबूकडे निघाला. शंभरावें शतक त्यानंतर जवळजवळ एक वर्षानें, १६ मार्च २०१२ रोजीं, मिरपूर येथें झालें.

यंत्रें आलीं म्हणून हा प्रश्न सुटला असें मानणाऱ्यांनीं जुलै २०१३ मधला नॉटिंगहॅमचा सामना आठवावा. अ‍ॅश्टन अ‍ॅगरचा चेंडू स्टुअर्ट ब्रॉडच्या बॅटीची भली जाड कड घेऊन, यष्टिरक्षक हॅडिनला लागून, स्लिपमधील क्लार्कच्या हातांत गेला. अलीम दार या नामांकित पंचाला तो कसा दिसला नाहीं हें कोडेंच आहे. ऑस्ट्रेलियाजवळचे फेरविचार आधींच संपलेले होते. ब्रॉड ३७ वर होता. तो ६५ पर्यंत गेला. आणि इंग्लंडनें सामना जिंकला तो १४ धांवांनीं. यावर ऑस्ट्रेलियांत जो गदारोळ झाला तो पाहून इतिहासाच्या वाचकाला हसूं यावें. ज्या देशानें ‘पंचानें सांगावें’ हें तत्त्व जगाला शिकविलें, त्याच देशांतील एका दैनिकानें नोव्हेंबरमध्यें ब्रॉडचें नांवसुद्धां छापावयाचें नाहीं असा पण केला. ब्रॉडनें ब्रिस्बेनला पहिल्या डावांत ६ गडी बाद केले, आणि पहिल्या दिवसाच्या खेळानंतर तेंच वर्तमानपत्र काखेंत घेऊन तो वार्ताहरांच्या भेटीस आला.

राहिला तो मासला. ऑगस्ट २०११ मध्यें बर्मिंगहॅम येथें राहुल द्रविड दुसऱ्या डावांत खेळत असतां जेम्स अँडरसनचा एक चेंडू त्याच्या बॅटीजवळून गेला. स्पष्ट आवाज झाला, यष्टिरक्षकानें झेल घेतला आणि पंचानें बोट वर केलें. फेरविचार मागण्याची मुभा होती. द्रविडनेंही तो आवाज ऐकलेला होता. चेंडू लागलाच असावा असें समजून तो कांहींएक न मागतां परत गेला. मग चित्रफीत सावकाश फिरविली तेव्हां दिसलें कीं, चेंडू आणि बॅट यांची गांठच पडलेली नव्हती. त्याच्या बुटाच्या नाडीचें कडक टोंक बॅटीवर आपटलें होतें, त्याचा तो आवाज. धांवपत्रिकेंत नोंद राहिली आहे ती अशी: द्रविड, झेल प्रायर, गोलंदाज अँडरसन.